पावडरीचं नाव

"दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील का हो दादा?"

गेल्या महिन्यात कासारवाडीतल्या एका बाईंनी दाराशीच उभं राहून, आवाज खाली आणून मला हे विचारलं. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मुलगा चोवीस वर्षांचा. चाकणला ठेकेदारामार्फत लागलेला, नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडणारा. एक आठवडा नाईट, एक आठवडा फर्स्ट. दोन महिन्यांपासून सुट्टीच्या रात्रीही त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. बसल्या जागी दात करकर चावतो. ताट जसंच्या तसं परत येतं, आणि पगार दहा तारखेच्या आत संपतो. बोलता बोलता त्यांनी पदराखालून मोबाईलचं जुनं कव्हर काढलं. कव्हराच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पुडी चिकटवलेली होती. पुडी फाडलेली, रिकामी. कोपऱ्यात मिठासारखे चार कण राहिले होते. "पोरं ह्याला एमडी म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे काय असतं?"

त्यांच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर सोपं, निदान पुस्तकातलं तरी. एमडी म्हणजे मेफेड्रोन. येमेन-इथिओपियाकडे खात नावाच्या झुडपाची पानं चघळतात. त्या पानांत कॅथिनोन असतं आणि मेफेड्रोन हे त्याचं प्रयोगशाळेत केलेलं भावंड. १९२९ साली ते पहिल्यांदा तयार झालं आणि विसरलंही गेलं. २००३ च्या सुमारास कुणीतरी ते पुन्हा उकरून काढलं. पुढच्या सहा-सात वर्षांत इंग्लंडमध्ये ते 'झाडांचं खत' म्हणून, पाकिटावर 'माणसांनी खाण्यासाठी नाही' असं छापून, उघड विकलं जाऊ लागलं. कायद्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे विक्रेत्याला हात लावता येत नव्हता. मार्च २०१० मध्ये तिथे दोन तरुण दगावले, वर्तमानपत्रांनी मेफेड्रोनवर ठपका ठेवला आणि एप्रिलमध्ये बंदी आली. मे महिन्यात रक्ततपासणीचे अहवाल आले तेव्हा त्या दोघांच्या शरीरात मेफेड्रोन सापडलंच नाही. बंदी चूक होती असं माझं म्हणणं नाही. हा पदार्थ हृदयाचे ठोके बेफाम वाढवतो, त्याचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो आणि उतरताच पुन्हा घेण्याची तीव्र ओढ लागते, म्हणून एका रात्रीत माणूस चार-चारदा ओढतो. हे घातकच आहे. पण पुडीत काय आहे, शरीरात काय गेलं आहे, हे तपासण्याआधी कायद्याला धावावं लागलं, आणि तीच घाई जगात सगळीकडे पुन्हा पुन्हा दिसते.

भारतात हे नाव यादीत आलं ५ फेब्रुवारी २०१५ रोजी. त्या दिवशीच्या राजपत्राने मेफेड्रोन अमली पदार्थ कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली आणलं. तोवर मुंबईच्या गल्ल्यांत ते 'म्याव म्याव' या नावाने राजरोस फिरत होतं, आणि पकडलेल्या मालाला हा कायदा लावता येत नव्हता. घटनेच्या कलम २० नुसार, कृत्य केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता त्यासाठी नंतर शिक्षा देता येत नाही. ते योग्यच आहे. पण त्यामुळे यादीत नाव येण्याआधीचा सगळा काळ विकणाऱ्याला मोकळा मिळतो.

ही यादी कशी वाढते तेही सांगायला हवं. कायद्याचं कलम ३ केंद्र सरकारला अधिकार देतं : एखाद्या पदार्थाचा परिणाम, त्याचा गैरवापर यांची माहिती हाती आली, किंवा आंतरराष्ट्रीय करारात बदल झाला, की अधिसूचना काढून परिशिष्टात एक नाव वाढवायचं. केटामिन असं २०११ मध्ये आलं, मेफेड्रोन २०१५ मध्ये, ट्रामाडोल २०१८ मध्ये. म्हणजे आधी पोरं बिघडायची, मग माहिती गोळा व्हायची, मग नाव छापायचं. आणि नाव छापलं जातं ते नेमक्या एका रेणूचं.

रेणू बदलणं किती सोपं आहे हे समजायला चाळीचं उदाहरण पुरेल. मेफेड्रोनच्या कड्यावर चार नंबरच्या खोलीत एक मिथाइल गट राहतो. त्याचं बिऱ्हाड तीन नंबरच्या खोलीत हलवलं की झालं ३-एमएमसी. चाळ तीच, माणसं तीच, भाडंही जवळपास तेच. फक्त पाटीवरचं नाव बदललं. नेदरलँड्समध्ये मेफेड्रोनवर बंदी आली आणि काही वर्षांत हे तीन नंबरवालं भावंड तिथल्या तरुणांत पसरलं. त्यावर बंदी यायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ते गेलं २०२३ मध्ये. तोवर बाजारात त्याचंही पुढचं भावंड आलेलं होतं. ब्रिटनने तर २०१० मध्येच शहाणपण करून एका नावाऐवजी कॅथिनोनच्या अख्ख्या कुळावर बंदी घातली. तरी त्या व्याख्येच्या कुंपणाबाहेर राहिलेलं नॅफिरोन दुकानांत आलं आणि जुलैमध्ये त्यासाठी वेगळी बंदी काढावी लागली. तीन महिन्यांत. युरोपची देखरेख करणारी संस्था आज अशा साडेनऊशेहून अधिक नव्या पदार्थांवर लक्ष ठेवून आहे. त्यांतल्या बहुतेकांवर माणसावरचा एकही धड अभ्यास नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं : आपल्या कायद्यानेही आता कुळ धरावं. जर्मनीने २०१६ मध्ये हेच केलं. पदार्थांचे गट कायद्यात घातले, बनवणारा आणि विकणारा यांना शिक्षा ठेवली आणि घेणाऱ्याला फौजदारी शिक्षेतून वगळलं. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यातही तुरुंगाबाहेर नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा नाही. आपण कुळाची व्याख्या करताना मात्र जपून करायला हवी. नैराश्यावर आणि सिगारेट सोडवण्यासाठी डॉक्टर जे ब्युप्रोपिऑन देतात, तेही रसायनशास्त्राच्या दृष्टीने याच कॅथिनोन घराण्यातलं आहे. व्याख्या आंधळी झाली तर मानसोपचाराची गोळी आणि गल्लीतली पुडी एकाच पिंजऱ्यात जातील. हे काम राजपत्रात चार ओळी छापून होणार नाही. त्यासाठी रसायनतज्ज्ञ, औषधनिर्माते आणि मनोविकारतज्ज्ञ एका टेबलाशी बसवावे लागतील.

आता आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याकडे येऊ. इथे एमडी बाहेरून आलं असं म्हणण्याची सोय उरलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणजवळ शेलपिंपळगावला वीस किलो मेफेड्रोन पकडलं. तपास रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत गेला. त्या प्रकरणातला प्रमुख आरोपी ऑक्टोबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयातून पळाला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. त्याच महिन्यात नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडीतल्या गोदामापासून सुरुवात करून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत, सांगलीजवळ कुपवाडला आणि थेट दिल्लीत छापे घातले, तेव्हा सतराशे किलोहून अधिक माल हाती लागला. किंमत सांगितली गेली साडेतीन हजार कोटींच्या वर. आणि पुढच्याच महिन्यात निगडी ठाण्यातल्या एका उपनिरीक्षकाला त्याच्याच आयुक्तालयाने चव्वेचाळीस किलोच्या प्रकरणात अटक केली.

रांजणगाव, कुरकुंभ, कुपवाड. ही नावं समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्ट्यांची नाहीत. आपल्याच माणसांना रोजगार देण्यासाठी उभारलेल्या औद्योगिक वसाहतींची आहेत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, देशाचं पेनिसिलीन इथे बनू लागलं. रिअ‍ॅक्टरवर उभं राहणं, तापमान सांभाळणं, बॅच काढणं ही कसबं या परिसराने त्या पिढीपासून कमावली. त्याच कसबावर आज कुणी शेड भाड्याने घेऊन विष काढत असेल, तर त्याचा राग मला इतरांपेक्षा अंमळ जास्तच येतो. माझ्या आळीत एच.ए. कंपनीतून निवृत्त झालेली माणसं आहेत. बॅच बिघडली तर रात्रभर घरी न येणारी ती माणसं होती.

शिक्षेचं मोजमाप बघा. मेफेड्रोनसाठी 'अल्प प्रमाण' दोन ग्रॅम आणि 'व्यापारी प्रमाण' पन्नास ग्रॅम. गांजासाठी हेच व्यापारी प्रमाण वीस किलो आहे, यावरून सरकारने एमडीला किती गंभीर मानलंय ते कळतं. पन्नास ग्रॅमला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी, एक ते दोन लाख रुपये दंड, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की वजन करताना त्यात मिसळलेली भेसळही धरायची. सगळं कडकच आहे. पण ही पट्टी पन्नास ग्रॅमवर संपते. सतराशे किलो म्हणजे त्या पन्नास ग्रॅमच्या चौतीस हजार पट, आणि दोन्हींसाठी कलम एकच, वर्षांची मर्यादाही एकच. मालमत्ता जप्तीची तरतूद कायद्यात वेगळी आहे, हे मला माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मोक्कातही दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणले. तरीही रोजच्या कारवाईत सापडतो कोण? स्टेशनबाहेर पुडी देणारा विशीतला पोरगा. वजन पन्नासच्या वर गेलं की तो आणि कारखान्याचा मालक कायद्याच्या एकाच खणात बसतात, आणि चांगला वकील त्या दोघांपैकी एकालाच परवडतो.

शेड मात्र कुणाच्या वजनकाट्यावर येत नाही. शेडच्या मालकाला कलम २५ लागतं, पण त्याने 'जाणूनबुजून' जागा वापरू दिली हे सिद्ध व्हावं लागतं. मालक सांगतो, मी भाड्याने दिली होती, आत काय चालतं ते मला ठाऊक नाही. पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू सापडतो. खरं तर औद्योगिक वसाहतीतल्या शेडवर नजर ठेवणारे थोडे नसतात. जागा एमआयडीसीची, सांडपाण्याची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाची, सुरक्षा तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, औषध बनवायचं म्हटलं तर परवाना एफडीएचा, वीज महावितरणची. बंद म्हणून नोंदलेल्या शेडमध्ये रात्री रिअ‍ॅक्टर चालत असेल, तर त्यांतल्या एकाच्या तरी कागदावर ते उमटतंच. पण ते पाचही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतून टनांनी एफेड्रिन जप्त केलं, तेव्हापासून हे आपल्याला माहीत आहे. प्रत्येक वसाहतीतल्या पोटभाड्याची नोंद सक्तीची करा, ती नोंद पोलीस आयुक्तालयाला दिसू द्या, आणि नोंद नसेल तर 'मला ठाऊक नव्हतं' हा बचाव मालकाला मिळणार नाही अशी कलम २५ मध्ये दुरुस्ती करा. यातला पहिला अर्धा भाग राज्य सरकार उद्या सकाळी करू शकतं.

आणि शरीराचं काय? एमडीवर जे काही अभ्यास आहेत ते बरेचसे युरोपातल्या क्लबांत नाचणाऱ्या मुलामुलींचे. शनिवारी रात्री घ्यायचं, रविवारी झोपायचं, अशा वापराचे. पाठोपाठ दोन शिफ्ट ओढण्यासाठी, पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्यात, रिकाम्या पोटी, आठवड्यातून पाच दिवस घेतलं तर पाच वर्षांनी हृदयाचं आणि मेंदूचं काय होतं, हे सांगणारा अभ्यास माझ्या वाचनात नाही. केंद्र सरकारने एम्सकडून देशभराची व्यसनांची मोजदाद करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. मोठं आणि महत्त्वाचं काम होतं ते. पण त्यात अ‍ॅम्फेटामिनसारख्या उत्तेजकांचा एकच सरसकट गट होता, एमडीला वेगळा रकाना नव्हता. जे मोजलंच नाही त्यासाठी खाटा किती लागतील, डॉक्टर किती लागतील, हे कोण सांगणार? गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या व्यसनावर निदान ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे. एमडीवर असं नेमकं औषध नाही. झोप, अन्न, भास झाले तर त्यांवरचा इलाज, आणि महिनोन्महिने कुणीतरी सोबत बसून बोलणं, एवढंच हाती आहे.

गर्द म्हटलं की डॉ. अनिल अवचट आठवतात. ऐंशीच्या दशकात त्यांनी पुण्या-मुंबईतल्या गर्दुल्ल्यांवर लिहिलं, आणि पुढे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्यासह पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. एनडीपीएस कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर १९८५ ला. म्हणजे तुरुंगाचा दरवाजा आणि उपचाराचा दरवाजा वर्षभराच्या अंतराने उघडले. चाळीस वर्षांत पहिल्या दरवाजाची माहिती घराघरांत पोचली. दुसऱ्याची दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईंपर्यंतही पोचली नव्हती.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे, कलम ६४-अ मध्ये. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेला असला, तरी तो स्वतःहून सरकारी, सरकारमान्य किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या रुग्णालयात उपचाराला गेला आणि उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. याशिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनातून येणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे. 'स्थानिक स्वराज्य संस्था' हे शब्द पुन्हा वाचावेत. आपल्याकडे ती महापालिका आहे, आणि तिचं वायसीएम रुग्णालय कासारवाडीपासून दोन मेट्रो स्थानकांवर, संत तुकारामनगरला आहे. त्याच्या फाटकावर, ओपीडीच्या खिडकीवर, चाकणला जाणाऱ्या बसथांब्यांवर आणि प्रत्येक ठेकेदाराच्या हजेरीच्या खोलीत या कलमाचा मजकूर मराठीत आणि हिंदीत लागला पाहिजे, खाली व्यसनमुक्तीचा १४४४६ हा मदत क्रमांक छापून. महापालिका आयुक्तांनी आठवड्यात करण्याजोगं काम आहे. जाहिरातीच्या फलकांना या शहरात जागा कमी पडलेली मी तरी पाहिली नाही.

बाईंना मी हे सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "मला एवढं ध्यानात राहायचं नाही, लिहून द्या." लाईट बिलाच्या मागे मी मोठ्या अक्षरांत कलमाचा नंबर आणि चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला. मुलाशी कसं बोलावं हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्या माझ्यापेक्षा चांगलं जाणत होत्या. पुढचा सोमवार त्यांनी ठरवला, कारण त्या आठवड्यात मुलाची फर्स्ट नव्हती आणि सकाळी तो घरी असणार होता.

सोमवारी मी सोबत गेलो. कुठल्या रुग्णालयात ते इथे लिहीत नाही. मुलगा उंच, खांदे वाकलेले, तीस अंश उन्हात फुल शर्ट घातलेला. रांगेत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, आणि आईने त्याचं मनगट सोडलं नव्हतं. केसपेपरच्या खिडकीशी पोचल्यावर आतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "काय त्रास होतोय?" बाईंनी पाकिटातला तो कागद काढून हातात धरला होता. मागे रांगेत त्यांच्याच आळीतलं कुणीतरी उभं होतं.

"झोप येत नाही त्याला," त्या म्हणाल्या, आणि कागद पुन्हा आत ठेवला.